१५ मार्च : ट्रान्सिल्व्हानियातील हंगेरियन समाज आणि सीमेपलीकडचा राष्ट्रीय दिवस

धागाकर्ता : दूरदेशी

नोकरीनिमित्त मी रोमानियातील ट्रान्सिल्व्हानिया प्रांतातल्या क्लुज शहरात राहतो. मार्चचा मध्य आला की येथील हंगेरियन शेजारी आणि सहकारी कोटाच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या जागी, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचे गोल फूल लावून घराबाहेर पडतात. त्या फुलाला ते कोकार्दा म्हणतात. हे लोक रोमानियाचे नागरिक आहेत, त्यांच्या कित्येक पिढ्या याच शहरात जन्मल्या आणि वारल्या. तरीही त्यांचा सर्वांत मोठा सार्वजनिक दिवस शेजारच्या देशाचा, हंगेरीचा, राष्ट्रीय दिवस आहे. या विषयावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी.

प्रथम मूळ घटना. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये आणि १३ मार्चला व्हिएन्नात क्रांतीची ठिणगी पडली. ती बातमी पेश्तला (आजच्या बुडापेस्टच्या एका भागाला) पोहोचताच पिल्वाक्स नावाच्या कॉफीगृहात जमणाऱ्या तरुणांनी १५ मार्चच्या सकाळी उठाव केला. कवी शांदोर पेटोफी तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. मोर योकाई आणि पाल वाश्वारी हे त्याचे सोबती त्याच्याहूनही लहान होते. जमाव लांदेरर आणि हेकेनास्त यांच्या छापखान्यावर गेला आणि सेन्सॉरची परवानगी न घेता पेटोफीची ‘राष्ट्रीय गीत’ ही कविता व बारा मागण्यांचे पत्रक तेथे छापून घेतले. दुपारी भर पावसात राष्ट्रीय संग्रहालयासमोर सभा झाली, त्यानंतर लोक नदीपलीकडे बुडाला गेले आणि लिखाणाबद्दल तुरुंगात टाकलेल्या मिहाय तान्चिच यांची त्यांनी सुटका करवली. त्या दिवशी रक्त सांडले नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्य, कायद्यासमोर नागरी व धार्मिक समता, लोकांना उत्तरदायी मंत्रिमंडळ, सर्वांना समान करआकारणी, वेठबिगार कुळपद्धतीचा अंत, ज्यूरीपुढे न्याय आणि राजकीय कैद्यांची मुक्तता या त्या पत्रकातील प्रमुख मागण्या होत्या. बारावी आणि शेवटची मागणी एका शब्दाची होती : एकीकरण, म्हणजे ट्रान्सिल्व्हानियाचे हंगेरीशी. या शेवटच्या मागणीकडे मी पुढे परत येणार आहे, कारण आजच्या साऱ्या गुंत्याचे मूळ तिच्यात आहे.

पुढील दीड वर्षात हंगेरीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सत्तेशी युद्ध पेटले. झारच्या रशियन फौजा ऑस्ट्रियाच्या मदतीला आल्या. ३१ जुलै १८४९ रोजी ट्रान्सिल्व्हानियातील शेगेश्वारजवळच्या लढाईत पेटोफी नाहीसा झाला आणि त्याचा देहही सापडला नाही. १३ ऑगस्टला विलागोश येथे हंगेरियन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. ६ ऑक्टोबरला आराद येथे तेरा सेनानींना आणि पेश्तमध्ये माजी पंतप्रधान लायोश बात्यानी यांना देहदंड देण्यात आला. पेटोफीचा मृत्यू, आरादचे फाशीचे मैदान, विलागोश ही सारी स्थळे आज रोमानियात आहेत. म्हणून येथील हंगेरियन माणसाला १८४८ चा इतिहास परमुलखातला वाटत नाही. त्याचा शोकान्त त्याच्याच जिल्ह्यात घडलेला असतो.

पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० रोजी त्रियानोंचा तह झाला. हंगेरीने जवळजवळ दोनतृतीयांश प्रदेश गमावला आणि तीसेक लाख हंगेरियन भाषक नव्या सीमांच्या पलीकडे राहिले. त्यांतला सर्वांत मोठा गट रोमानियात आला. १९९२ च्या जनगणनेत तो सोळा लाखांवर होता. २०२१ च्या जनगणनेत तो दहा लाखांच्या किंचित वर उरला आहे. हारघिता आणि कोवास्ना या दोन जिल्ह्यांत, म्हणजे सेकेय नावाच्या हंगेरियन भाषक लोकांच्या मुलखात, ते स्पष्ट बहुसंख्य आहेत. क्लुजसारख्या शहरांत ते अल्पसंख्य झाले आहेत, आणि पश्चिम व दक्षिण भागांतील काही गावांत तर पाद्र्यासमोर मूठभर वृद्धच उरले आहेत.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मांडतो. ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीच्या राज्यात असेपर्यंत १५ मार्च हा कधीही शासनाचा सण नव्हता. १८९८ मध्ये पन्नास वर्षे झाली तेव्हा संसदेने ११ एप्रिल हा दिवस निवडला, कारण त्या तारखेला राजाने सुधारणांच्या कायद्यांना मान्यता दिली होती आणि सम्राट फ्रांझ योझेफच्या दरबाराला रस्त्यावरील जमावापेक्षा राजाची सही अधिक सोयीची होती. १५ मार्चला कायद्याने राष्ट्रीय दिवसाचा दर्जा मिळाला तो १९२७ मध्ये, तहानंतर सात वर्षांनी. पुढे हंगेरीतील साम्यवादी राजवटीने १९५१ पासून तो कामाचा दिवस केला आणि १९८९ मध्ये सुटी परत आली. याचा अर्थ असा की १९४० ते १९४४ या काळात उत्तर ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीकडे गेला होता ती चार वर्षे सोडली, तर येथील हंगेरियनांनी हा दिवस कोणत्याही सरकारच्या हुकमाविना पाळला आहे. आधी तो लोकांनी राजाची मर्जी नसताना पाळला, नंतर दुसऱ्या राष्ट्राच्या अमलाखाली पाळला, आणि रोमानियाचा साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळात तो उघड पाळता येत नव्हता तेव्हा घरात व चर्चमध्ये आठवला. बुडापेस्टमध्ये हा शासनाचा समारंभ असतो, ट्रान्सिल्व्हानियात तो समाजाने स्वतः जपलेला दिवस आहे, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल याच्यातच आहे.

आज तो कसा साजरा होतो ते थोडक्यात लिहितो. क्लुजमध्ये, म्हणजे हंगेरियनांच्या कोलोझ्वारमध्ये, संत मायकेलच्या चर्चमध्ये सर्व पंथांची एकत्र प्रार्थना होते आणि तेथून मिरवणूक जुन्या बियासिनी हॉटेलच्या इमारतीपर्यंत जाते, कारण पेटोफी तेथे उतरला होता. कॅथलिक, सुधारित पंथीय, युनिटेरियन आणि लुथरन अशा चारही पंथांचे धर्मगुरू एका ठिकाणी उभे राहतात. एरवी या पंथांची रविवारची उपासना वेगवेगळी असते. सेकेय मुलखातील केझ्दिवाशारहेय या गावात सोहळ्याचा थाट वेगळाच असतो. आसपासच्या खेड्यांतून हुसार घोडेस्वारांच्या जुन्या गणवेशातील स्वार घोड्यांवरून येतात, शाळकरी मुले गावागावांचे फलक घेऊन चालतात आणि सारे आरोन गाबोरच्या पुतळ्याभोवती जमतात. हा गाबोर तेथला लोकनायक आहे. १८४८ च्या शरदात ट्रान्सिल्व्हानियाचा बहुतेक भाग शाही फौजांच्या ताब्यात गेला, एकटे हारोमसेक खोरे झुंजत राहिले, तेव्हा तोफा नाहीत म्हणून हताश झालेल्या सभेत त्याने उठून तोफा ओतून देण्याचे वचन दिले. लोकांनी चर्चच्या घंटा उतरवून ओतकामाला दिल्या. २ जुलै १८४९ रोजी कोकोश गावाजवळ रशियन फौजांशी लढताना तो पडला. त्याचा पुतळा रोमानियाच्या साम्यवादी राजवटीतच उभारला गेला ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे.

खेड्यांतील कार्यक्रम साधा असतो : स्मारकाला पुष्पचक्र, मुलांचे काव्यवाचन, प्रार्थना, हंगेरीचे आणि सेकेयांचे अशी दोन्ही गीते. माझा कल या छोट्या कार्यक्रमांकडे अधिक आहे, कारण तेथे व्यासपीठावर मंत्री नसतो आणि पेटोफीच्या ओळी म्हणणारे मूल तीच भाषा घरी बोलत असते.

आता बाराव्या मागणीविषयी. बियासिनी हॉटेल ज्या रस्त्यावर आहे त्याला पूर्वी पेटोफीचे नाव होते. आज त्या रस्त्याचे नाव आव्राम यान्कु आहे. यान्कु हा १८४८-४९ मध्ये हंगेरियन सैन्याविरुद्ध डोंगरात लढलेला रोमानियन नेता. म्हणजे जमाव एका क्रांतीचे गाणे गातो तो त्याच क्रांतीच्या विरोधकाच्या नावाच्या रस्त्यावर. या शहरात दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा नांदाव्यात, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

प्रतिसाद : इतिहासवेध

लेख आवडला. रोमानियन बाजू थोडी विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते, कारण तिच्याशिवाय १५ मार्चबद्दलची अस्वस्थता केवळ बहुसंख्याकांचा हट्ट वाटू शकेल.

ट्रान्सिल्व्हानियात शतकानुशतके तीन राजकीय राष्ट्रे मानली जात : हंगेरियन सरदारवर्ग, सेकेय आणि सॅक्सन जर्मन. लोकसंख्येत बहुसंख्य असलेले रोमानियन या मोजणीत नव्हते, त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथाला केवळ सहन केले जाई, आणि त्यांतले बहुतेक जण हंगेरियन जमीनदारांची कुळे होते. कुळपद्धती रद्द करण्याची मागणी म्हणूनच त्यांच्याही हिताची होती, आणि मार्चच्या बातम्यांचे अनेक रोमानियन सुशिक्षितांनी सुरुवातीला स्वागत केले. परंतु एकीकरणाच्या मागणीने चित्र पालटले. १५ मे १८४८ रोजी ब्लाझ गावाबाहेरच्या माळावर हजारो रोमानियन शेतकरी जमले आणि त्यांनी स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मागितली. आमचे प्रतिनिधी विधानसभेत नसताना एकीकरणाचा निर्णय घेऊ नये असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ३० मे रोजी कोलोझ्वारच्या विधानसभेने त्यांना न विचारता एकीकरण मंजूर केले. भाषणस्वातंत्र्य आणि समता मागणाऱ्या क्रांतीने आपल्याच शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवले, हे रोमानियन इतिहासलेखनाचे म्हणणे मला नाकारता येत नाही.

त्यानंतरचे यादवी युद्ध भयंकर होते. जानेवारी १८४९ मध्ये नाग्येन्येद हे हंगेरियन शिक्षणाचे गाव जाळले गेले आणि शेकडो नागरिक मारले गेले. दुसरीकडे हंगेरियन सैन्याने व लष्करी न्यायालयांनी रोमानियन खेडी बेचिराख केली आणि माणसे फासावर दिली. दोन्ही समाज आपापल्या मृतांची स्मारके बांधतात आणि दुसऱ्याच्या स्मारकासमोरून मान वळवून जातात.

तरीही एक प्रसंग विसरता कामा नये. रोमानियन क्रांतिकारक निकोलाए बल्चेस्कु याने हंगेरियन क्रांतीचा नेता कोशुत आणि यान्कु यांच्यात समेट घडवण्यासाठी महिनोन्‌महिने खटपट केली. १४ जुलै १८४९ रोजी सेगेद येथे तसा मसुदा मान्य झाला आणि २८ जुलैला हंगेरियन संसदेने बिगरहंगेरियन राष्ट्रकांच्या भाषिक हक्कांचा ठराव केला. तीन दिवसांनी शेगेश्वारची लढाई झाली आणि दोन आठवड्यांत सर्व संपले. सम्राटानेही रोमानियनांना दिलेली वचने पाळली नाहीत. हंगेरियनांना जे शिक्षा म्हणून मिळाले तेच इतरांना बक्षीस म्हणून मिळाले, असे त्या काळाबद्दल म्हटले जाते ते याचमुळे. माझ्या दृष्टीने १५ मार्चच्या भाषणांत बल्चेस्कुचे नाव आवर्जून यायला हवे.

प्रतिसाद : मृगजळ

माहिती उत्तम आहे, तरी एक मूलभूत प्रश्न विचारतो. तो कुणाला दुखावण्यासाठी नाही. एखाद्या देशाच्या नागरिकांनी दुसऱ्या देशाचा राष्ट्रीय दिवस त्या देशाच्या झेंड्यांसह साजरा करावा हे मान्य करायचे असेल, तर निष्ठेचा प्रश्न उपस्थित होणारच. रोमानियाचा राष्ट्रीय दिवस १ डिसेंबर आहे. त्या दिवशी हे लोक काय करतात? आणि हंगेरीचा ध्वज लावण्याबद्दल कायदा काय सांगतो?

प्रतिसाद : दूरदेशी

मृगजळ, प्रश्न रास्त आहे आणि येथे तो सतत विचारला जातो.

१ डिसेंबर १९१८ रोजी आल्बा युलिया येथील सभेने ट्रान्सिल्व्हानिया रोमानियात विलीन करण्याचा ठराव केला. रोमानियनांसाठी तो स्वप्नपूर्तीचा क्षण होता. हंगेरियनांसाठी त्याच दिवशी अल्पसंख्य म्हणून आयुष्य सुरू झाले. त्यामुळे बहुतेक हंगेरियन तो दिवस घरी, शांतपणे घालवतात. त्या सभेच्या ठरावात सर्व सहनिवासी समाजांना स्वभाषेत शिक्षण, प्रशासन आणि न्याय देण्याचे वचन होते, आणि हंगेरियन पुढारी दरवर्षी त्याचीच आठवण करून देतात. म्हणजे ते रोमानियाकडे रोमानियाच्याच संस्थापक दस्तऐवजाच्या आधारे हक्क मागतात. मला यात निष्ठेचा अभाव दिसत नाही. जो माणूस कर भरतो, मतदान करतो, सरकारात सामील होतो आणि न्यायालयात दाद मागतो त्याच्याकडून आनंदाचीही सक्ती करता येणार नाही.

ध्वजाबद्दल : रोमानियन नियमांनुसार परक्या देशाचा ध्वज रोमानियाच्या ध्वजासोबतच आणि ठरावीक प्रसंगीच सरकारी जागी लावता येतो. यावरून सेकेय मुलखातील नगरपालिकांना दंड झाले आहेत. २०१३ च्या आरंभी सेकेयांच्या निळ्या-सोनेरी ध्वजावरून तर बुखारेस्ट आणि बुडापेस्ट या दोन सरकारांत जाहीर खटका उडाला. व्यक्तीने छातीवर कोकार्दा लावणे किंवा मिरवणुकीत झेंडा धरणे ही गोष्ट निराळी आहे, आणि आज ती सर्रास दिसते. १९९६ पासून हंगेरियनांचा मुख्य पक्ष अनेकदा सत्तेत भागीदार राहिला असल्यामुळे रोमानियाचे पंतप्रधानही या दिवशी हंगेरियन समाजाला शुभेच्छा संदेश पाठवतात. १९९० मध्ये ही कल्पनाही करता आली नसती.

प्रतिसाद : शलाका

मी तुर्गु मुरेश येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. हंगेरियनांसाठी हे मारोशवाशारहेय. १९९० चा उल्लेख झाला म्हणून लिहिते, कारण या शहरात त्या मार्चविषयी लोक अजूनही आवाज खाली आणून बोलतात.

चाउशेस्कूविरुद्धचा उठाव डिसेंबर १९८९ मध्ये तिमिश्वारा येथे सुरू झाला तो लास्लो तोकेश या हंगेरियन पाद्र्याच्या घरासमोर, आणि त्याला वाचवायला रोमानियन व हंगेरियन खांद्याला खांदा लावून उभे होते. तीन महिन्यांतच ते दृश्य पार बदलले. हंगेरियनांनी स्वभाषेतील शाळा परत मागितल्या, येथील बोयाई विद्यालय पुन्हा पूर्णपणे हंगेरियन व्हावे अशी मागणी झाली, औषधाच्या दुकानावर हंगेरियन पाटी लागली. याच तापलेल्या वातावरणात १५ मार्च उघडपणे साजरा झाला. त्यानंतरच्या दिवसांत अफवा पसरल्या, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे आणली गेली, १९ मार्चला हंगेरियन पक्षाच्या कचेरीवर हल्ला झाला आणि त्यात लेखक आंद्राश शुतो यांचा एक डोळा गेला. २० मार्चला मुख्य चौकात दोन्ही समाजांत उघड मारामारी झाली. किमान पाच माणसे मारली गेली, शेकडो जखमी झाली. नंतर तुरुंगात गेलेल्यांमध्ये हंगेरियन आणि रोमा समाजाची माणसे प्रामुख्याने होती, आणि ही खंत येथील हंगेरियनांच्या मनात आजही आहे.

त्यामुळे या शहरातला १५ मार्च केझ्दिवाशारहेयसारखा मोकळा नसतो, असे मला जाणवते. येथे कार्यक्रम सेकेय हुतात्म्यांच्या स्मारकापाशी होतो. १८५४ च्या १० मार्चला हाब्सबुर्ग सत्तेने येथे तिघा कटवाल्यांना फाशी दिली, त्यांचे ते स्मारक आहे. म्हणून सेकेय संघटना १० मार्च हा दिवसही स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळतात. माझ्या वर्गात हंगेरियन आणि रोमानियन दोन्ही विद्यार्थी आहेत. एका रोमानियन मैत्रिणीला मी विचारले की या दिवसाबद्दल तिला काय वाटते. ती म्हणाली की तिला कोकार्दाबद्दल काही वाटत नाही, पण शाळेत तिला बारा मागण्यांपैकी केवळ शेवटचीच शिकवली गेली. हंगेरियन मैत्रीण म्हणाली की तिला अकरा मागण्या पाठ आहेत, आणि शेवटच्या मागणीचा रोमानियनांवर काय परिणाम झाला हे तिच्या पुस्तकात नव्हते. या दोघी एकाच वसतिगृहात राहतात. पाठ्यपुस्तकांचे काम पुतळ्यांपेक्षा अधिक निकडीचे आहे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

प्रतिसाद : इतिहासवेध

शलाका, आपला शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला जोडून एवढेच सांगतो की रोमानियन मनातील शंका १८४८ वरच थांबत नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातील १८६७ च्या तडजोडीनंतर ट्रान्सिल्व्हानियाची स्वायत्तता संपली, १८९४ मध्ये सम्राटाकडे गाऱ्हाणे मांडणाऱ्या रोमानियन पुढाऱ्यांवर कोलोझ्वारमध्येच खटला चालवून त्यांना तुरुंगात टाकले गेले, आणि १९०७ च्या आपोन्यी कायद्याने बिगरहंगेरियन शाळांची गळचेपी केली. आजचा अल्पसंख्य समाज शंभर वर्षांपूर्वी सत्ताधारी होता, ही स्मृती बहुसंख्याकांच्या वागण्यामागे असते. तिने आजच्या अन्यायाचे समर्थन होत नाही; ती ठाऊक नसेल तर मात्र तो अन्याय कुठून येतो हे उमजत नाही.

प्रतिसाद : वाटसरू

स्मारकांचे काय करावे याचे एक प्रत्यक्ष उदाहरण आरादमध्ये पाहता येते. तेथे तेरा सेनानींच्या स्मरणार्थ शिल्पकार द्योर्द्य झाला (Zala) याचे भव्य स्वातंत्र्यशिल्प १८९० मध्ये उभे राहिले. रोमानियन अमलात १९२५ मध्ये ते उतरवून किल्ल्यात ठेवले गेले आणि अनेक दशके लोकांच्या नजरेआड राहिले. दोन्ही सरकारांच्या दीर्घ वाटाघाटींनंतर २००४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा सार्वजनिक जागी आले, पण एका अटीवर : त्याच चौकात समोर १८४८ च्या रोमानियन लढवय्यांचे स्मारक म्हणून एक विजयकमान उभारण्यात आली, आणि जागेला सलोख्याचे उद्यान असे नाव मिळाले.

कलेच्या दृष्टीने ती कमान मला सुमार वाटली, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही ती मांडणी योग्य आहे, कारण तेथे कुणालाही आपली आठवण पुसावी लागलेली नाही. शिवाय त्या तेरा सेनानींची नावे नीट पाहावीत. दाम्यानिच सर्ब कुळातला होता, लाइनिंगन जर्मन उमराव होता, किश आणि लाझार हे आर्मेनियन वंशाचे होते. ट्रान्सिल्व्हानियाची मोहीम चालवणारा योझेफ बेम हा पोलिश होता आणि सेकेय लोक त्याला प्रेमाने बेमबाबा म्हणत. स्वतः पेटोफीचे जन्मनाव पेत्रोविच होते. जो सण अशा माणसांच्या नावाने साजरा होतो त्याला रक्ताच्या शुद्धतेशी जोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

प्रतिसाद : मृगजळ

उत्तरांबद्दल आभारी आहे. निष्ठेविषयीची माझी शंका बरीचशी फिटली. दुसरी मात्र वाढली आहे. धागाकर्त्यांनी हा दिवस समाजाने जपलेला आहे असे म्हटले. पण २०११ पासून हंगेरी सीमेपलीकडच्या हंगेरियनांना सहज नागरिकत्व देते, २०१४ पासून ते हंगेरीच्या निवडणुकीत मतदान करतात, शाळा, चर्च आणि फुटबॉल अकादम्यांना तिकडून पैसा येतो, आणि १५ मार्चच्या व्यासपीठांवर बुडापेस्टचे मंत्री व सचिव भाषणे करतात. मग हा समाजाचा दिवस राहिला, की सीमेपलीकडच्या सत्ताधारी पक्षाच्या प्रचाराचा झाला?

प्रतिसाद : दूरदेशी

हा प्रश्न मलाही टोचतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

नागरिकत्वामागची भावना समजून घ्यायची तर ५ डिसेंबर २००४ चे सार्वमत आठवावे लागते. सीमेपलीकडच्या हंगेरियनांना नागरिकत्व द्यावे का, असा प्रश्न हंगेरीतील मतदारांना विचारला गेला आणि पुरेसे मतदान न झाल्यामुळे ते सार्वमत निष्फळ ठरले. ट्रान्सिल्व्हानियातील लोकांना तो घरच्यांनी केलेला नकार वाटला. त्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला तेव्हा लाखो लोकांनी अर्ज केले आणि कायदा करणाऱ्या पक्षाविषयी कृतज्ञता निर्माण झाली. ती मतपेटीतही दिसली. ही कृतज्ञता खरी आहे आणि तिचा राजकीय वापर झाला हेही खरे आहे. मार्चमधील भाषणांत बुडापेस्टमधल्या पक्षीय भांडणांचे शब्द ऐकू येतात तेव्हा मला ते त्या दिवसाचे नुकसान वाटते. वृत्तपत्रस्वातंत्र्य ही पहिली मागणी असलेल्या दिवशी कोणत्याही सरकारची आरती ओवाळली जाऊ नये, मग ते सरकार बुडापेस्टचे असो वा बुखारेस्टचे.

परंतु या समाजाला स्वतःचे मत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मे २०२५ मध्ये रोमानियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अतिराष्ट्रवादी उमेदवार जॉर्जे सिमियोन आघाडीवर असताना हंगेरीच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी त्याच्याविषयी सौम्य सूर लावला. येथील हंगेरियनांमध्ये त्यावर नाराजी उसळली, कारण त्या माणसाची हंगेरियनविरोधी कारकीर्द त्यांनी जवळून पाहिली होती. दुसऱ्या फेरीत हारघिता जिल्ह्याने सुमारे ९० टक्के मते निकुशोर दान या रोमानियन उमेदवाराला दिली. बुडापेस्टचे पैसे, पारपत्र आणि भाषणे स्वीकारणाऱ्या याच समाजाने आपले भवितव्य ठरवण्याची वेळ आली तेव्हा रोमानियाचा नागरिक म्हणून विचार केला.

मला वाटते, हा दिवस वाचवायचा तर त्याचे मूळ अकरा मागण्यांत आहे हे मुलांना शिकवावे लागेल. बारावी मागणी इतिहासाने निकालात काढली आहे. पहिल्या अकरांपैकी बऱ्याचशा आजच्या कोणत्याही समाजाला हव्याशा वाटतील, आणि त्यांपैकी कुळपद्धतीच्या अंताचा सर्वांत मोठा लाभ ट्रान्सिल्व्हानियात रोमानियन शेतकऱ्यांनाच झाला. हे ब्लाझच्या माळाची जाण ठेवून सांगता आले, तर रोमानियन शेजाऱ्यालाही या समारंभात बोलावता येईल. काही ठिकाणी रोमानियन महापौर पुष्पचक्र वाहायला येतात; त्यांचे स्वागत व्हायला हवे.

प्रतिसाद : कोशकार

विषयाला धरून भारताशी जोडणारा एक धागा. ज्या हारोमसेक खोऱ्यात आरोन गाबोरने तोफा ओतल्या, तेथीलच कोरोश गावात १७८४ मध्ये शांदोर चोमा जन्मला. हंगेरियन लोकांचे मूळ शोधत तो पायी आशियात निघाला, लडाख आणि झांस्करच्या मठांत राहून तिबेटी भाषा शिकला, आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश व व्याकरण १८३४ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध झाले. १८४२ च्या एप्रिलमध्ये दार्जिलिंगला त्याचा अंत झाला. तेथे त्याची कबर आहे. सेकेय समाजाला त्याचा गाबोरइतकाच अभिमान आहे, आणि तो तोफेशिवाय मिळवलेला आहे याचे मला विशेष वाटते.

प्रतिसाद : शलाका

पुढील मार्चमध्ये आम्ही काही मराठी विद्यार्थी हा सोहळा पाहायला जाण्याचा विचार करत आहोत. दूरदेशी, कोलोझ्वार पाहावे की केझ्दिवाशारहेय? आणि परक्या माणसाने कोकार्दा लावली तर चालते का?

प्रतिसाद : दूरदेशी

शक्य असेल तर केझ्दिवाशारहेयला जा. ब्राशोव्हपर्यंत रेल्वेने येऊन पुढे बस किंवा मोटार करावी. मार्चमध्ये तेथे बोचरी थंडी असते. घोडेस्वार चौकात शिरतात ते पाहण्यासाठी सकाळीच जागा धरावी लागते. कोकार्दा कुणी स्वतःहून दिली तर आनंदाने लावा, मागून घेऊ नका. वाटेत कोकोश गावाजवळ गाबोर पडला त्या जागी स्मारक आहे, तेथेही थांबता येईल. आणि त्याच प्रवासात वेळ मिळाला तर ब्लाझचा माळही पाहून या. मे महिन्यात तेथे रोमानियन लोकांचा मेळा भरतो, पण मार्चमध्ये गेलात तर निवांतपणे सारे वाचता येईल. इतिहासवेध, ब्लाझविषयी आपल्याकडे अधिक माहिती असल्यास येथे अवश्य लिहावी.